डब्यातली मोटार : सुट्या भागांची ओळख कशी पटते?

(लोणावळा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पावसात, आणि तेही लोणावळ्याच्या पावसात, तुम्ही एवढे जण आलात याबद्दल आधी आभार मानतो. पत्रिकेवर विषय छापलाय ‘अवयव आणि अवयवी’. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक बोलणार म्हटल्यावर काही मंडळी डुलकीच्या तयारीनेच येतात. त्यांची मी निराशा करणार नाही. (हशा) पण टेबलावर हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यामुळे पुढच्या रांगेतली मुलं जागी राहतील असं दिसतंय. डब्यात बिस्किटं नाहीत. मोटारींची मॉडेलं जोडायची किटं असतात ना, प्लॅस्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि छोटी मोटार उभी करायची, त्या किटांचे तुकडे आहेत. मी मोजले तेव्हा दोनशे सात होते.

हा डबा माझ्या थोरल्या भावाचा. आम्ही त्याला दादा म्हणत असू. दादा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होता. शनिवारी रात्री लोणावळ्याला घरी यायचा, सोमवारी पहाटे परत. मी पुण्यात एम.ए. केलं, मग पीएच.डी. केली. माझ्या प्रबंधाच्या टंकलेखनाचं बिल दादाने भरलं. प्रबंधाचा विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘सुट्या भागांहून वेगळी अशी संपूर्ण वस्तू असते का?’ त्यावर तो म्हणाला, ‘यावर किती पानं?’ मी म्हटलं, ‘तीनशे चाळीस.’ तो काही बोलला नाही. चहा प्यायला. (हशा)

निवृत्तीनंतर दादाला या किटांचा नाद लागला. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्राने त्याला परदेशातून तीन किटं आणून दिली होती. दादा गेल्यावर वहिनींनी डबा माझ्याकडे दिला. खोकी नाहीत, जोडणीचे कागद नाहीत, आणि सगळे तुकडे चौकटीतून कापून एकत्र केलेले. हा छंद असलेले लोक सांगतील की असं कधी करू नये. मलाही दादाचा राग आला. इतका व्यवस्थित माणूस, आणि हे काय करून ठेवलं?

तर आज मी एक समीक्षा करणार आहे. आयुष्यभर पुस्तकांची केली, आज किटाची करतो. किट चांगलं की वाईट हे कशावरून ठरतं, ते आपल्याला काय शिकवतं आणि काय शिकवत नाही, हा प्रश्न. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: एखादा भाग ‘ओळखला’ असं आपण कधी म्हणतो?

पहिल्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तुकड्यांची आकाराप्रमाणे वाटणी केली. गोल इकडे, लांब तिकडे, चपटे मध्ये. कोशकार शब्द लावतो तशी. संध्याकाळपर्यंत फार छान ढीग झाले, आणि एकाही तुकड्याचं नाव मला सांगता येईना. लांब काडी म्हणजे आस की सायलेन्सरची नळी? वाटीसारखं आहे ते दिव्याचं घर की एअर फिल्टरचं झाकण? चाळीस वर्षं ‘अवयव’ हा शब्द फळ्यावर लिहिला, आणि समोर दोनशे सात अवयव पडले तर मी गप्प.

तेव्हा अर्थातच मला मिलिंद राजा आठवला.

‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ आहे. त्यात यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि नागसेन नावाचा भिक्खू यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय ते दाखव. दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? सांगाडा? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळा रथ दाखव. तेही जमत नाही. निष्कर्ष असा की हे भाग एकत्र आले की व्यवहारासाठी आपण ‘रथ’ हे नाव वापरतो. नावापलीकडे रथ नावाची निराळी चीज नाही. मिनँडरचा काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. आपली भाज्याची लेणी साधारण त्याच शतकातली. आणि इथून तीन-चार कोसांवर कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांतले कितीतरी जण धेनुकाकट गावचे यवन. तेव्हा हा संवाद मावळाला काही परका नाही.

माझ्या प्रबंधात मी नागसेनाची बाजू घेतली होती. पण डब्यासमोर बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी मला तीनशे चाळीस पानांत सुचली नव्हती. नागसेन राजाला रथ नावाचं काही दाखवता येऊ देत नाही, हे खरं. पण तो विचारताना ‘आस’ म्हणतो, ‘जू’ म्हणतो. ही नावं त्याच्याकडे आली कुठून? ज्याने रथ कधी पाहिलाच नाही त्याच्यासमोर ते तुकडे टाका. त्याला आस दिसणार नाही, लाकडाचा दांडका दिसेल. मला तो दिसत होता तसा.

म्हणजे संपूर्ण वस्तू नाकारायला तुम्ही बसलात तरी भागांना ‘भाग’ म्हणताक्षणी ती मागच्या दाराने आत येते. हे मला पोथ्यांतून कळायला हवं होतं. ते प्लॅस्टिकने शिकवलं.

आता जरा प्रत्यक्षात येऊ. भाग ओळखतात कसे? मुलांनो, तुम्ही हे लिहून घेतलंत तरी चालेल.

नव्या किटात सगळे भाग एका चौकटीला चिकटलेले येतात. तापवून पातळ केलेलं पॉलिस्टायरिन दाबाने साच्यात घालतात. ते ज्या वाटांनी आत जातं त्या वाटाही घट्ट होतात आणि त्यांची ही चौकट बनते. तिला स्प्रू म्हणतात. चौकटींना अ, ब, क अशी अक्षरं, भागाशेजारी आकडा. कागदावर लिहिलेलं असतं, ब-१४ हा ब-१५ ला लावा. पण गंमत अशी की आकडा चौकटीवर असतो, भागावर नसतो. भाग कापला की आकडा चौकटीबरोबर केराच्या टोपलीत. दादाने टोपली भरली होती.

मग उरतात त्या खुणा. पहिली खूण माप. खऱ्या वस्तूच्या किती पट लहान, ते प्रमाण. १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. १:३२ म्हणजे फुटाला तीन अष्टमांश इंच. १:४३ हे प्रमाण खेळण्यातल्या रेल्वेवरून आलं, फुटाला सात मिलिमीटर. अमेरिकी किटांत १:२५ चा रिवाज मोठा. दादाची आवडती गाडी घ्या, फियाट ११००. लांबी सुमारे ३.९ मीटर. ती १:२४ मध्ये सव्वासोळा सेंटिमीटर होते, १:२५ मध्ये १५.६, १:३२ मध्ये १२.२, आणि १:४३ मध्ये जेमतेम नऊ. १:२४ आणि १:२५ यांत फरक किती? साठ सेंटिमीटर व्यासाचा टायर एका ठिकाणी २५ मिलिमीटर, दुसऱ्या ठिकाणी २४. डोळ्याला कळत नाही. व्हर्निअर कॅलिपरला कळतं. दादाचा व्हर्निअर डब्यातच होता. त्याने टायरांचे तीन गट पडले, आणि तीन गाड्या तीन प्रमाणांच्या आहेत हे कळलं: एक जपानी, एक अमेरिकी, एक ब्रिटिश.

दुसरी खूण जोडी. मोटार ही डावी-उजवी सारखी असते. एखाद्या तुकड्याचा आरशातला भाऊ सापडला की तो बाजूला लागतो. ज्याला जोडी नाही तो बहुधा मधल्या रेषेवरचा: रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल. स्टिअरिंगचं चाक एकटंच, पण ते मधलं नाही. नियमाला अपवाद असतो तो असा.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडली. साचा उघडल्यावर भाग आतून ढकलून काढायला लोखंडी खुंट्या असतात. त्यांचे बारीक गोल डाग भागावर राहतात. चांगला साचा करणारा हे डाग नेहमी लपणाऱ्या बाजूला टाकतो. म्हणजे डाग दिसले की समजायचं, ही पाठ; तोंड पलीकडे. गाडी पूर्ण झाल्यावर कोण कुठून पाहणार, हे कर्त्याने साचा कोरतानाच ठरवलेलं असतं, आणि ते ठरवणं प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर उमटलेलं असतं. शिवाय भाग चौकटीपासून कापला तिथे देठ राहतो, आणि साच्याचे दोन भाग मिळतात तिथे एक बारीक रेघ. साच्यातून आलेल्या तुकड्याला देठ, रेघ, डाग यांपैकी काही ना काही असतंच. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथी खूण खुंटी आणि भोक. चांगल्या किटात डाव्या बाजूची खुंटी गोल, उजव्या बाजूची चौकोनी किंवा अर्धगोल. चुकीच्या जागी बसणारच नाही. गोंद न लावता नुसतं बसवून बघायचं. भाग स्वतःच हो किंवा नाही म्हणतो.

हे सगळं शिकल्यावर एका उघडिपीच्या दिवशी मी मळवलीला उतरून भाज्याची लेणी पाहायला गेलो. पन्नास वर्षांत वीस वेळा तरी गेलो असेन. यावेळी मला मूर्ती दिसायच्या आधी भोकं दिसली. भाज्याच्या चैत्यगृहाचं तोंड आज सताड उघडं आहे. मुळात तिथे लाकडी दर्शनी भाग होता. तो गेला, पण तो अडकवण्यासाठी दगडात खोदलेल्या खाचा आणि भोकं राहिली. हरवलेलं लाकूड कसं होतं, याचा अंदाज अभ्यासक त्या भोकांवरून बांधतात. किटवाला जे रिकाम्या भोकावरून करतो तेच. भाग हरवला तरी त्याची जागा शिल्लक असते, आणि जागा बरंच काही सांगते.

तिथल्याच एका विहारात रथाचं प्रसिद्ध शिल्प आहे. घोड्यांच्या रथात पुरुष, सोबत दोन स्त्रिया. बहुतेक जण त्याला सूर्य म्हणतात. काही अभ्यासकांनी तो मांधाता राजा असल्याचं म्हटलंय. दगड तोच, छिन्नीचे घाव तेच. तुम्ही मनात कोणती कथा धरून पाहता त्यावर रथातल्या माणसाचं नाव ठरतं. संपूर्ण चित्र आधी, भागाची ओळख नंतर. आणि संपूर्ण चित्र चुकीचं धरलं तर? सगळ्या खुणा बरोबर वाचूनही ओळख चुकते. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं. स्वतःला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

आता किटाची समीक्षा. तिन्ही किटांचे स्वभाव वेगळे निघाले.

ब्रिटिश १:३२ चं किट साधं. भाग थोडे, एका दुपारी होईल असं. जपानी १:२४ चं काम देखणं. भाग असे बसतात की गोंदाची गरजच वाटू नये. तामियाची एक गोष्ट या छंदात सगळ्यांना ठाऊक आहे. १९७६ साली पोर्शे ९३४ चं १:१२ किट आलं. त्यासाठी शुनसाकु तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलली होती. लहान वस्तूचे भाग नीट पाडायचे तर मोठ्या वस्तूचे भाग हातांनी सुटे करायला हवेत, हा त्या माणसाचा आग्रह. मला तो नमस्कार करण्याजोगा वाटतो. पण १:२४ च्या अनेक किटांत, दादाच्या या जपानी किटातही, इंजिन नसतं. बॉनेट उघडत नाही, खालून इंजिनाचं नुसतं पोट कोरलेलं. बाहेरून निर्दोष, आतून पोकळ. टीकाकार म्हणून मला हे खटकतं. यावर कोणी म्हणेल, जे दिसत नाही ते कशाला करायचं? त्याने एकदा कार्ल्याला जावं. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, मूळच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. छत सलग खडकाचं आहे, त्याला आधाराची काही गरज नाही. तरी त्या लावल्या. कारण बांधणाऱ्यांच्या मनात चैत्य म्हणजे लाकडी चैत्य होता, आणि फासळ्यांशिवाय तो त्यांना चैत्य वाटला नसता. त्याच लेण्याच्या एका लेखात दार करणाऱ्या सुताराचं नाव आहे, धेनुकाकटचा सामी. खडकाच्या इमारतीत सुताराचं नाव! भार न पेलणारा भागही ‘हे काय आहे’ ते सांगायला लागतो. मॉडेलातलं न चालणारं इंजिन त्याच जातीचं.

अमेरिकी किट याच्या उलट. इंजिनाचे दोन अर्धे, हेड वेगळं, मॅनिफोल्ड वेगळा. शिवाय तिकडे १९५८ पासून एएमटी कंपनीने ‘एकात तीन’ अशी किटं काढली: त्याच खोक्यातून कारखान्यातून आलेली गाडी करा, सजवलेली करा किंवा शर्यतीची करा. एक केली की बाकी दोघींचे भाग उरतात. ही उदारता मला फार आवडली. मुलाला ती निवड करायला लावते. पण उरलेले भाग ओळखणाऱ्याची दमछाक होते, कारण ते ज्या गाडीचे आहेत ती कधी झालेलीच नसते.

आणि जोडणीचा कागद? त्याच्यावर माझी टीका अशी. कागद बाण दाखवतो, क्रम सांगतो, पण कारण सांगत नाही. हा पाटा इथे का, तर धक्का सोसायला. हा नकल इथे का, तर चाक वळायला, हे तो बोलत नाही. आकड्याला आकडा जोडत गेलेला मुलगा संध्याकाळी सुंदर गाडी घेऊन उठतो, आणि रस्त्यावरच्या बंद पडलेल्या टेम्पोखाली डोकावला तर त्याला त्यातलं काहीच ओळखीचं वाटत नाही. आमच्या शिक्षणातही हेच चाललंय, पण तो विषय काढला तर रात्र होईल. (हशा) मी कागद फेकून द्या म्हणत नाही. कागद नसला की काय होतं ते मी भोगलंय. एवढंच म्हणतो की जोडताना प्रत्येक भागाचं नाव मोठ्याने घ्या आणि तो काय करतो ते शेजाऱ्याला सांगा. सांगता आलं नाही तर तो भाग तुम्ही लावलात, ओळखला नाहीत.

आता गोंद. इथे पुन्हा शास्त्रात शिरतो, पण पाचच मिनिटं.

नैयायिक लोक बौद्धांना उत्तर देताना म्हणतात, संपूर्ण वस्तू खरी आहे, कारण एक भाग धरून उचलला की सगळी वस्तू उचलली जाते, ओढला की ओढली जाते. वाळूच्या ढिगाचं तसं होत नाही. यावर वात्स्यायन त्याच्या भाष्यात शंका उपस्थित करतो: गवत, दगड, लाकूड लाखेने चिकटवले तरी ते एकत्र उचलले जातात. तिथे नवी वस्तू कुठे जन्माला आली? मग उचललं जाणं हा पुरावा कसा? दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसं गोंदावर भांडत होती, बघा.

प्रबंधात मी हा भाग अर्ध्या पानात उरकला होता. आता टेबलावर तो रोज समोर येऊ लागला. कारण किटाला दोन तऱ्हांचे गोंद लागतात. पॉलिस्टायरिनचा सिमेंट म्हणतात तो खरं तर चिकटवतच नाही. त्यातलं द्रावण दोन्ही कडा विरघळवतं, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावण उडून जातं आणि सांधा त्याच प्लॅस्टिकचा होतो. नंतर तो उघडू म्हटलं तर भाग मोडतो, सांधा सुटत नाही. दुसरा गोंद लाखेच्या जातीचा, मध्ये थर होऊन बसणारा. काचांना सुपरग्लू लावू नका, वाफेने काच पांढुरकी होते. पांढरा साधा गोंद लावा, तो वाळला की पारदर्शक होतो. क्रोमच्या भागावर सिमेंट धरत नाही, आधी मुलामा खरवडावा लागतो. आणि आपल्याकडे जुलैत लॅकर फवारू नका. दमट हवेत त्यावर पांढरट साय येते. ऑक्टोबरची वाट पाहा.

तेव्हा वात्स्यायनाच्या शंकेला माझं आजचं उत्तर असं आहे: गोंदागोंदात फरक आहे. काही गोष्टी लाखेने एकत्र राहतात, काही कडा विरघळवून. पहिल्या जोडीला नागसेन बरोबर आहे, तिथे नावापुरतीच एकी. दुसरीला नैयायिक बरोबर आहेत.

तर या सगळ्या ज्ञानाच्या जोरावर मी ठरवलं, अमेरिकी गाडी पूर्ण करायची. तीन महिने लागले. जपानी गाडीच्या चाकांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या काही रेघा होत्या. मला वाटलं मळ. साबणाच्या पाण्याने धुतल्या. अमेरिकी गाडीची चाकं मला शर्यतीची वाटली, म्हणून जपानी चाकं घासून तिला बसवली, मिलिमीटरभर मोठी होती तरी. सिमेंट लावला. गाडी झाली. ही बघा. (टाळ्या) नको, टाळ्या नको, थांबा.

शेवटी डब्यात बारा-पंधरा तुकडे उरले. ‘एकात तीन’चे उरलेले असणार असं म्हणून मी वेगळे ठेवले. आमच्या शेजारची पाचवीतली मुलगी गाडी बघायला आली होती. तिला मी या खुणा शिकवल्या होत्या. तिने त्या ढिगातला एक लांब वाकवलेला तुकडा उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाली, ‘आजोबा, याला देठ नाही.’

देठ नाही. रेघ नाही. गोल डाग नाही. होते ते कानशीचे बारीक ओरखडे. तो कुठल्याच साच्यातून आलेला नव्हता. तो हातांनी केलेला होता.

मी व्हर्निअर लावला. ६१ मिलिमीटर. चोवीसने गुणलं. जवळपास १.४६ मीटर, फियाट ११०० ची रुंदी. तो पद्मिनीचा पुढचा बंपर होता.

मग बाकीचे तुकडे पाहिले. एका पत्र्याच्या पट्टीतून जाळी कापायला घेतलेली होती, अर्धी झालेली. ब्रिटिश गाडीचे दिवे कानशीने घासून लहान केलेले. आणि जपानी चाकं, तीच ती पेन्सिलीच्या रेघांची, २५ मिलिमीटरची. फियाटच्या चाकाला १:२४ मध्ये साधारण तेवढाच टायर लागतो. रेघा म्हणजे कुठवर घासायचं त्याच्या खुणा होत्या. त्या मी धुतल्या होत्या.

डब्यात तीन मोटारी नव्हत्याच. दादा चौथी करत होता. तीन किटं ही त्याची सुट्या भागांची वखार होती. म्हणूनच त्याने सगळं कापून एकत्र केलं होतं. त्याला कुठल्या खोक्यातला कुठला आकडा याच्याशी कर्तव्यच नव्हतं. त्याच्या डोक्यात संपूर्ण गाडी होती, आणि तिच्यामुळे जपानी चाक हे पद्मिनीचं चाक होतं, ब्रिटिश दिवा हा पद्मिनीचा दिवा. या लोकांत अशी रीत जुनी आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ची अवकाशयानं करणाऱ्यांनी रणगाड्यांच्या आणि मोटारींच्या किटांचे भाग त्यांवर चिकटवले होते. भागाचं नाव भागात नसतं हे नागसेनाने सांगितलंच आहे. पण ते हवेतही नसतं. ते करणाऱ्याच्या मनातल्या वस्तूत असतं, आणि त्या वस्तूच्या मापाशी त्याला जुळावं लागतं. २५ मिलिमीटर म्हणजे २५.

त्या गाडीची नावं कितीदा बदलली बघा. फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी. दादा म्हणायचा, ‘पाटी बदलते रे, नट तेच.’ मी ते नामरूपाचं उदाहरण म्हणून वर्गात वापरायचो, दादाचं नाव न घेता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला, तेव्हा वर्तमानपत्रांत लेख आले, फोटो आले. ज्यांनी ती जोडली ते हात त्यांत फारसे नव्हते. माझ्या घरात असा एक माणूस होता. मी त्याला थोरला भाऊ, फिटर, कुर्ला, शनिवारची गाडी, एवढ्या आकड्यांनी ओळखत होतो. हा कागदावरचा क्रम झाला. तो काय करतोय असं निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत मी एकदाही टेबलाशी बसून विचारलं नाही.

माझी चूक नेमकी कुठे झाली, ते तुमच्यासाठी सांगून थांबतो, कारण ती तुमचीही होऊ शकते. मी खुणा नीट वाचल्या. माप नीट घेतलं. पण संपूर्ण वस्तू कोणती, हे मी खोक्यांवरून ठरवलं. डबा कोणाचा आहे यावरून ठरवलं नाही. कुर्ल्याच्या फिटरच्या डब्यात कोणती गाडी असणार, हा साधा प्रश्न मला तीन महिन्यांत पडला नाही. चांगला समीक्षक आणि चांगला किटवाला यांना हा प्रश्न आधी पडायला हवा: हे कोण करत होतं, आणि काय करायला निघालं होतं?

चाकं आता सुटणार नाहीत. सिमेंटने लावलीत, कडा विरघळल्यात. ओढली तर मोडतील. नवी चाकं शोधतोय. बंपर शाबूत आहे. जाळी अर्धी आहे. ती पुढे करायला माझा हात थरथरतो, म्हणून ती शेजारची मुलगी पट्टी धरते आणि मी कानस चालवतो. मागच्या रविवारी तीन दांडे झाले. अजून बरेच राहिलेत.

हा बंपर आता पुढच्या रांगेत देतो. एकेकाने हातात घ्या, उलटून बघा, ओरखडे दिसतात का ते पाहा, आणि शेवटच्या रांगेतून तो न विसरता परत पाठवा. तोवर कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.